आपलं मरण आधीच पाहून बसलेली माणसं: 'बॅबिलॉन ५' कशी पाहावी, काय वगळावं

'बॅबिलॉन ५' या नावाच्या अवकाशस्थानकावर घडणाऱ्या विज्ञानकथा मालिकेचा पहिलाच भाग, आणि सेंटॉरी या परग्रही जमातीचा राजदूत लोंडो मोलारी स्टेशनच्या कमांडरला आपल्या मरणाची हकीकत सांगून मोकळा होतो. आम्हा सेंटॉरी लोकांना मरण स्वप्नात दिसतं, म्हणतो. कसं येणार ते कळतं, कधीकधी केव्हा तेही. त्याने पाहिलंय ते असं: वीस वर्षांनंतरचा म्हातारा लोंडो, त्याचे हात कुणाच्या तरी गळ्यावर आणि त्या कुणाचे तरी हात याच्या गळ्यावर. तो दुसरा कोण हेही त्याला ठाऊक आहे. नार्न लोकांचा राजदूत जी'कार. पहिल्या भेटीतच त्याने तो चेहरा ओळखला होता, आणि आता याच स्टेशनवर दोघांची रोज गाठ पडते.

कथेत तेव्हा सन २२५८ चालू आहे, म्हणजे मरण २२७८ मध्ये. हा भाग, 'मिडनाइट ऑन द फायरिंग लाइन', टीव्हीवर आला २६ जानेवारी १९९४ ला. गळे धरलेला तो प्रसंग स्पष्ट, पूर्ण, आवाजासकट पाहायला मिळतो मे १९९६ मध्ये, तिसऱ्या सीझनच्या सतराव्या भागात. आणि त्या प्रसंगाचा खरा अर्थ लागायला पाचव्या सीझनचा अठरावा भाग उजाडतो. इतकी लांब उधारी ठेवून ती व्याजासकट फेडणारी मालिका त्या काळी दुसरी नव्हती.

(पुढे शेवटासकट सगळं उघड केलेलं आहे. जी मालिका आपल्या मुख्य पात्राचं मरण पहिल्या भागातच जाहीर करते, तिच्याबाबतीत याचा फारसा तोटा होत नाही. तरी ज्यांना कोरं राहायचंय त्यांनी कुठले भाग पाहायचे याच्या परिच्छेदाकडे सरळ उतरावं.)

आपल्या स्वतःच्या मरणाकडे तोंड करून उभं राहणं हा विषय विज्ञानकथा मालिकांना जुनाच आहे. १९६२ च्या 'ट्वायलाइट झोन'मधल्या 'नथिंग इन द डार्क'मध्ये एक म्हातारी मरणाच्या भीतीने दार उघडत नाही, आणि मरण देखण्या पोलिसाच्या रूपात आत येतं. तो पोलिस म्हणजे तरुण रॉबर्ट रेडफर्ड. १९९३ चा 'टेपेस्ट्री' हा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा भाग कॅप्टन पिकार्डचं कृत्रिम हृदय बंद पाडतो आणि तरुणपणी चाकू खाल्ला नसता तर काय झालं असतं ते दाखवतो. 'एक्स-फाइल्स'मधला विमा एजंट क्लाइड ब्रुकमन लोकांची मरणं आधीच पाहतो आणि त्यामुळे पुरता कंटाळलेला आहे. तिन्ही उत्तम. पण तिन्हींचा बाज एका बैठकीतल्या कथेचा आहे. पिकार्ड पुढच्या आठवड्यात ठणठणीत असतो. 'मी कधीतरी मरणार' हे माहीत असूनही माणूस वीस वर्षं कामं करतो, भांडतो, लग्न करतो, चुका करतो. ते दाखवायला पाऊण तास पुरत नाही. 'बॅबिलॉन ५'कडे ११० भाग होते, त्यातले ९२ मालिकेचा जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने एकट्याने लिहिले, आणि शेवट कुठे करायचा हे त्याला सुरुवातीपासून माहीत होतं.

लोंडोपासूनच सुरू करू, कारण मालिकेतलं सगळ्यात चांगलं मरण त्याचं आहे.

शेवट माहीत असल्याने लोंडो शहाणा होत नाही, हे लेखकाने अचूक हेरलंय. वीस वर्षांनी गळा दाबून मरायचंय हे पक्कं, मग मधल्या काळात काय वाट्टेल ते करायला मोकळीक, असा त्याचा एकंदर कारभार. दुसऱ्या सीझनच्या नवव्या भागात, 'द कमिंग ऑफ शॅडोज'मध्ये, त्याचं ते स्वप्न पहिल्यांदा आपल्यालाही दिसतं: सिंहासन, पांढरे केस, समोर जी'कार. या भागाला विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार १९९६ मध्ये मिळाला. आणि याच भागात लोंडो नार्न लोकांवर हल्ला घडवून आणतो. आपल्या गळ्यावर कुणाचे हात येणार हे पाहिलेला माणूस त्याच हातांना कारण पुरवत सुटतो.

त्या स्वप्नातल्या जी'कारच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. एक डोळा नाही. तेव्हा जी'कारचे दोन्ही डोळे शाबूत असतात. डोळा जातो चौथ्या सीझनच्या चौथ्या भागात, सेंटॉरींच्या वेड्या सम्राट कार्टाजियाच्या लहरीने. म्हणजे दीडेक वर्षाहून जास्त काळ मेकअपवाल्यांनी एक खूण टाकून ठेवली आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवट माहीत असूनही मधलं काहीच माहीत नसतं, हे डोळ्यावरच्या एका पट्टीने सांगून झालं.

तिसऱ्या सीझनचा नववा भाग 'पॉइंट ऑफ नो रिटर्न'. यात लेडी मोरेला ही भविष्य पाहणारी बाई लोंडोला सुटकेच्या तीन संधी सांगते. जो डोळा पाहत नाही तो वाचव. जो आधीच मेलाय त्याला मारू नकोस. आणि या दोन्ही हुकल्या तर शेवटी, ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याच्या स्वाधीन हो, त्यात तुझा नाश आहे हे ठाऊक असताना. मोरेलाचं काम केलंय मेजल बॅरेटने, म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या जनकाच्या पत्नीने. त्या काळी दोन्ही मालिकांच्या चाहत्यांत हातघाई चालायची, तेव्हा या पाहुणीचं येणं साधं नव्हतं. पहिल्या दोन संधी नेमक्या कुठल्या यावर आजही वाद घालता येतो. तिसरी मात्र स्वच्छ आहे.

आता तो २२७८ चा प्रसंग, 'वॉर विदाउट एंड'च्या दुसऱ्या भागातला. जरा जवळून पाहू. लोंडो सम्राट आहे, राजधानी बाहेर जळतेय. त्याच्या खांद्यावर एक डोळ्याचा परजीवी प्राणी बसवलेला आहे. मालिकेत त्याला 'कीपर' म्हणतात. लोंडोने मनाविरुद्ध काही केलं की तो त्याच्या शरीराचा ताबा घेतो. पण लोंडोला एक युक्ती सापडलीय: आपण भरपूर दारू प्यायलो की कीपरलाही चढते आणि तो झोपतो. तेवढ्या वेळात तो दोन कैद्यांना सोडतो, आणि मग मागे उभ्या जी'कारला हाक मारतो. आता उरक, म्हणतो, हा जागा व्हायच्या आत. जी'कार गळा धरतो. कीपर जागा होतो, डोळा उघडतो, आणि लोंडोचे हात आपोआप वर उठून जी'कारच्या गळ्याला भिडतात.

चित्र तेच, स्वप्नात दिसलेलं. पण ते दोन वैऱ्यांचं भांडण नव्हतंच. एकाने मागितलेली आणि दुसऱ्याने मान्य केलेली ती मदत होती. लोंडो झालेला पीटर जुरासिक हा प्रसंग जवळजवळ कुजबुजत करतो, आणि जी'कार झालेल्या अँड्रियास कात्सुलासच्या चेहऱ्यावर रबराचा एवढा जाड थर असूनही दया दिसते. १९९६ मध्ये हे पाहताना 'पण हे दोघं मित्र केव्हा झाले?' असा प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर द्यायला पुढचे दोन सीझन खर्ची पडले.

त्या उत्तरातला मुख्य तुकडा म्हणजे पाचव्या सीझनचा दुसरा भाग, 'द व्हेरी लाँग नाइट ऑफ लोंडो मोलारी'. सेंटॉरींना दोन हृदयं असतात. लोंडोचं एक बंद पडतं आणि अख्खा भाग तो बेशुद्धीत स्वप्न पाहतो. या स्वप्नात त्याला दरबारातले ते फटके पुन्हा दिसतात: चौथ्या सीझनमध्ये कार्टाजियाने जी'कारला चाळीस फटक्यांची शिक्षा दिली होती, चाळिसावा जीव घेणारा, आणि एकोणचाळिसाव्याला जी'कार ओरडला होता. लोंडो तेव्हा शेजारी गप्प उभा होता. आता फटके त्याला पडताहेत. जी'कारचं म्हणणं एवढंच की तू बोलला असतास तरी काही बदललं नसतं, पण बोलायला हवं होतंस. जागा होण्याची अट एक शब्द: माफ कर. अभिमानापायी एक हृदय गमावायला तयार असलेला माणूस तो शब्द काढायला किती वेळ लावतो, हे पाहण्यासारखं आहे. मरणाच्या दारात लोकांना साक्षात्कार होतात असं टीव्हीवर नेहमी दाखवतात. इथे साक्षात्कार होत नाही. थकबाकी वसूल होते.

आणि मग अठरावा भाग, 'द फॉल ऑफ सेंटॉरी प्राइम'. आपल्या लोकांचे जीव वाचवायचे म्हणून लोंडो स्वतःहून कीपर खांद्यावर घेतो. मोरेलाची तिसरी संधी ती हीच, असं पुष्कळ चाहते मानतात. मला वाटतं ती २२७८ मध्ये आहे, दारूच्या पेल्यानंतर. कीपर घेण्याआधी जी'कार त्याला सांगतो की माझे लोक तुझ्या लोकांना कधीच क्षमा करणार नाहीत, पण मी तुला करू शकतो. इथून मरणापर्यंत सोळा वर्षं आहेत आणि ती आपल्याला दिसत नाहीत. तेच ठीक.

दुसरं मोठं मरण दुसऱ्या सीझनपासून स्टेशनचा कमांडर असलेल्या कॅप्टन जॉन शेरिडनचं, आणि त्यात मालिका अर्धी जिंकते, अर्धी कच खाते.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी शेरिडन झा'हा'डूम या ग्रहावर जातो, अण्वस्त्रं भरलेलं आपलंच जहाज शत्रूच्या शहरावर आणून आदळवतो आणि खोल विवरात उडी मारतो. मेला. चौथ्या सीझनच्या दुसऱ्या भागात तो एका गुहेत लोरियन या अतिप्राचीन जिवाबरोबर दिसतो. तू घड्याळाच्या टिक आणि टॉकच्या मधे अडकलायस, लोरियन सांगतो. शेरिडन मरणापासून पळतोय, जगण्याला मात्र भिडत नाहीये. मरायला कारण प्रत्येकाला सापडतं. जगायला आहे का? हा प्रश्न लोरियन विचारतो, आणि शेरिडन आपल्या प्रेयसीचं, मिनबारी राजदूत डेलेनचं, नाव घेतो. परतीचं तिकीट मिळतं, पण मोजून: साधारण वीस वर्षं, आजारपण-अपघात झाला नाही तर. त्यानंतर एके दिवशी थांबणार.

मेलेलं पात्र परत आणणं ही टीव्हीची सगळ्यात स्वस्त खोड. इथे ती खपते कारण बिल लगेच समोर ठेवलेलं आहे. चौथ्या भागात शेरिडन डेलेनला वीस वर्षांची गोष्ट सांगतो आणि त्याच भागात अंगठीही देतो. लोंडोला वीस वर्षं मिळाली ती त्याने उधळली. शेरिडनला वीस मिळाली ती त्याने महिन्याच्या पगारासारखी लावून खर्च केली. दोघांचा आकडा सारखा असणं योगायोग नाही.

शेवटचा भाग, 'स्लीपिंग इन लाइट', सन २२८१. हा भाग स्ट्रॅझिन्स्कीने लिहिला आणि दिग्दर्शितही केला. शेरिडनला आतून कळतं की वेळ झाली. रेंजर म्हणवणारे त्याचे सैनिक हाती पत्रं देतात, स्टेशनवरचे जुने मित्र मिनबार या डेलेनच्या ग्रहावर जमतात: इव्हानोव्हा, गॅरिबाल्डी, डॉक्टर फ्रँकलिन, आणि लोंडोचा पूर्वीचा मदतनीस, आता सम्राट झालेला व्हिर. जेवण होतं. गेलेल्यांच्या नावाने पेले उचलले जातात. व्हिर लोंडोची एक आठवण सांगतो: पाक'मा'रा ही सगळ्यांत घाणेरडी समजली जाणारी जमात, तिचं गाणं ऐकून लोंडो रडला होता आणि म्हणाला होता की आमच्या एकोणपन्नास देवांपैकी मी एकालाही मानलं नाही, पण त्यातला एक जरी खरा असला तरी तो याच आवाजात गात असणार. मरणाऱ्या माणसाच्या टेबलावर मेलेल्या माणसाबद्दल गप्पा, हसणं, आणि कुणीही मुद्द्यावर न येणं. आपल्याकडे दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाच्या खाटेभोवती जमलेले नातेवाईकही असंच बोलतात.

मित्र बोलावून, जेवून, निरोप घेऊन निघणं हे पाहताना मराठी माणसाला आळंदी आठवणारच. साम्य तेवढ्यापुरतं. शेरिडनने दिवस निवडलेला नाही, जागा मात्र निवडलीय. पहाटे तो एकटा निघतो, रिकामं झालेलं बॅबिलॉन ५ एकदा बघतो, आणि मग कोरियाना ६ कडे जातो, जिथे मोठं युद्ध संपलं होतं. इथपर्यंत भाग निर्दोष आहे. पुढे लोरियन प्रकट होतो, प्रकाश पसरतो, आणि नंतर जहाज सापडतं ते बंद, आत देह नाही.

ही पळवाट आहे. दोन सीझन 'वीस वर्षांनी थांबणार' असं बजावून शेवटी 'पलीकडे गेला' म्हणणं म्हणजे बिल फाडणं. कॅन्सरने मरणाऱ्याचं प्रेत असतं. ते उचलावं लागतं. लोंडोच्या बाबतीत लेखक कचरला नाही, शेरिडनच्या बाबतीत कचरला. पण त्यानंतर डेलेन पुढची सगळी वर्षं रोज सूर्योदय पाहायला उठते, हा एक शॉट पुष्कळ सावरून घेतो.

या भागात आणखी काही खटकेल, त्याची कारणं सांगून ठेवतो. पाचवा सीझन मिळेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून हा भाग चौथ्या सीझनच्या शेवटीच चित्रित झाला. पाचवा मिळाल्यावर तो राखून ठेवला आणि २५ नोव्हेंबर १९९८ ला दाखवला. म्हणून पाचव्या सीझनमध्ये नसलेली इव्हानोव्हा इथे अचानक हजर असते आणि तिच्या जागी आलेली कॅप्टन लॉकली गायब. डेलेनचा मदतनीस लेनियर कसा गेला हेही यामुळेच धूसर राहतं. म्हातारपणाचा मेकअप कामचलाऊ आहे, विशेषतः शेरिडनचा. आणि स्टेशनचे दिवे बंद करणारा जो कामगार दिसतो, तो स्वतः स्ट्रॅझिन्स्की आहे.

आज तो भाग पाहताना एक गोष्ट लेखकाच्या हाताबाहेरची घडलेली दिसते. त्या जेवणाच्या टेबलावरचे रिचर्ड बिग्ज (फ्रँकलिन, २००४), जेरी डॉयल (गॅरिबाल्डी, २०१६), स्टीफन फर्स्ट (व्हिर, २०१७) आणि मिरा फुर्लान (डेलेन, २०२१) हे चौघं गेले. ज्याच्या निरोपाला ते जमलेत तो ब्रूस बॉक्सलाइटनर हयात आहे.

मोठ्या दोन मरणांच्या मधे छोटी कितीतरी आहेत. सगळी सारख्या दर्जाची नाहीत. 'सोल हंटर', मरणाऱ्यांचे आत्मे गोळा करणाऱ्याची गोष्ट, कल्पना छान पण भाग ओढलेला. सोडला तरी चालेल. 'बिलीव्हर्स'मध्ये शस्त्रक्रियेने आत्मा निघून जातो असं मानणारे आईबाप आणि त्यांचा आजारी मुलगा. शेवट बदलून गोड केलेला नाही, एवढं सांगतो.

'कन्फेशन्स अँड लॅमेंटेशन्स' (दुसरा सीझन, अठरावा भाग) मात्र चुकवू नका. मार्काब जमातीत साथ येते. लागण झाली की मरण ठरलेलं. ती पापाची शिक्षा आहे असं मानून त्यांनी ती लपवलेली, म्हणून उपाय शोधायला उशीर. उरलेले सगळे एका दालनात स्वतःला कोंडून घेतात आणि डेलेन व लेनियर त्यांच्याबरोबर आत जातात, फक्त सोबतीला. औषध सापडतं. दार उघडतं. या मालिकेत वेळेवर औषध मिळण्याची सवय नाही.

'पॅसिंग थ्रू गेथसेमनी' (तिसरा सीझन, चौथा भाग) विषयाला सर्वांत तिरप्या बाजूने भिडतो. या जगात फाशीऐवजी 'व्यक्तित्वाचा मृत्यू' देतात: गुन्हेगाराची स्मृती पुसून त्याला नवा, सेवाभावी माणूस बनवतात. ब्रदर एडवर्ड हा सौम्य साधू आपण तसाच पुसलेला खुनी आहोत हे शोधून काढतो. बळींचे नातेवाईक मागावर आहेत हे कळूनही तो पळत नाही. आपण एकदा मेलोय, पण ज्याने पाप केलं तो मेला की हा, हे त्याला ठरवता येत नाही. ब्रॅड डुरिफने हे काम इतकं मऊ केलंय की पुढचं पाहवत नाही. ही संहिता काही काळ पडून राहिली होती, कारण एका चाहत्याने तशीच कल्पना इंटरनेटवर मांडली. त्याने लेखी मोकळीक दिल्यावरच ती वापरता आली.

आणि ते यंत्र. पहिल्या सीझनच्या एकविसाव्या भागात एक परग्रही यंत्र येतं, एकाचा प्राण ओढून दुसऱ्याला देणारं. मुळात मृत्युदंडासाठी बनवलेलं. डॉक्टर ते कपाटात ठेवतात. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला गॅरिबाल्डीसाठी ते एकदा बाहेर येतं, पुढे कुणी नाव काढत नाही. मग चौथ्या सीझनच्या विसाव्या भागात इव्हानोव्हा मरणपंथाला लागते आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या मार्कस या रेंजरला त्या यंत्राची नोंद सापडते. पहिल्याचा एकविसावा आधी न पाहता चौथ्याचा विसावा पाहिला तर हा सगळा प्रकार आयत्या वेळी काढलेली जादू वाटतो. लोक नेमकी हीच चूक करतात.

कुठले भाग पाहायचे. खरं उत्तर: सगळे ११०, कारण वेळ हाच यातला मसाला आहे. पण एवढा धीर नसेल तर हे एकवीस, पाऊण तास धरून साधारण सोळा तास. पहिला सीझन: १, १०, २१. दुसरा: ९, १८. तिसरा: ४, ९, १५, १६, १७, २२. चौथा: १ ते ४, ६, २०. पाचवा: २, ८, १८, २२. कमांडर मधेच का बदलला हा प्रश्न पडेल. त्यासाठी दुसऱ्याचा पहिला भाग वरून नजर टाकण्यापुरता. तिसऱ्याचा १५ वगळू नका, त्यात दोन मरणं आहेत, व्होर्लॉन जमातीचा राजदूत कोश आणि लोंडोची प्रेयसी आदिरा, आणि दोन्ही पाचव्याच्या आठव्या भागात परत येऊन भिडतात. तो आठवा, 'डे ऑफ द डेड', नील गेमनने लिहिला, पाचव्या सीझनमधला स्ट्रॅझिन्स्कीचा नसलेला एकच. ब्राकिरी या जमातीचे लोक स्टेशनचा एक भाग एका रात्रीपुरता विकत घेतात आणि त्यात मेलेली माणसं भेटायला येतात. त्यात शेरिडनसाठी कोशचा एक निरोप येतो. तो लक्ष देऊन ऐका. शेवटच्या भागात शेरिडन कोरियानालाच का गेला ते त्यातच आहे.

'इन द बिगिनिंग' हा १९९८ चा टीव्ही-चित्रपट नावाला फसून पहिला पाहू नका. निवेदक लोंडो आहे, २२७८ मधला, सिंहासनावरचा. तो 'वॉर विदाउट एंड'नंतरच चांगला. पाचव्या सीझनचा पहिला अर्धा, टेलिपाथ म्हणजे दुसऱ्यांची मनं वाचणाऱ्यांच्या वसाहतीचा, दुसरा आणि आठवा सोडून कंटाळवाणा आहे. तिथे मालिका सोडणाऱ्यांची संख्या मोठी असणार, आणि त्यांचं चुकत नाही.

प्रत कुठली घ्यायची. जुन्या डीव्हीडी टाळा. मालिका रुंद पडद्याचा विचार करून फिल्मवर चित्रित झाली होती, पण संगणकावर बनवलेली अवकाशयुद्धं आणि ती मिसळलेले शॉट टीव्हीच्या चौकोनी आकारात, कमी रेषांत तयार झाले. डीव्हीडीला ते वरून-खालून कापून रुंद केले, म्हणजे आधीच कमी असलेलं चित्र आणखी ताणलं. मधूनमधून चेहरे एकदम धुरकट होतात ते यामुळे. २०२१ मध्ये नव्याने काढलेली प्रत पुन्हा चौकोनी आहे. माणसांचे प्रसंग मूळ फिल्मवरून स्कॅन केलेले, लख्ख. अवकाशातली जहाजं मऊच राहतात, त्याला इलाज नाही. ब्लू-रे संच डिसेंबर २०२३ मध्ये आला तो याच प्रतीचा. बाहेरून मागवणार असाल तर प्लेअरचा प्रदेश-कोड आधी जुळवा. टीव्हीची 'झूम' किंवा 'स्ट्रेच' बंद ठेवा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. गळा धरलेल्या त्या प्रसंगात चित्र रुंद करायला गेलात तर कीपर चौकटीबाहेर जायचा.

हेडफोन लावा. ख्रिस्तोफर फ्रँकेचं संगीत शेवटच्या भागात संवादांखाली फार हळू वाजतं, आणि टीव्हीच्या स्पीकरवर ते भांड्यांच्या आवाजात बुडतं.

ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांनी मार्काबांचा भाग तूर्तास बाजूला ठेवावा. लोंडोचा चालेल, त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे.